तुमची मिस्सा कुठली? (आवडीनिवडीचा धागा, वादाचा नव्हे)

तिसरा बाक

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. 'काश्मीर होईल', म्हणजे भांडणं पेटतील, म्हणून टाळत होतो. आज काढतोच.

मी जन्माने लॅटिन चर्चचा, म्हणजे चर्चमधली आपली नेहमीची उपासना, रोमन मिस्सा. चाळीस वर्षं तीच. गेल्या वर्षी कामासाठी परदेशात होतो. रविवारी मुक्कामाजवळ जे कॅथलिक चर्च सापडलं ते मारोनाइट निघालं, लेबनॉनमधल्या लोकांचं. भाषा वेगळी असेल, बाकी सगळं ओळखीचंच असणार, अशा समजुतीत तिसऱ्या बाकावर जाऊन बसलो.

शांतीच्या अभिवादनापर्यंत समजूत टिकली. रोमन मिस्सेत आपण काय करतो? डावीकडे बघून हसतो, उजवीकडे मान डोलावतो, मागच्या बाकावर एक नजर टाकतो, झालं. इथे फादरनी आधी वेदीला हात लावला, मग चषकाला आणि तबकाला. वेदीसेवक हात जोडून पुढे आला. त्याचे जोडलेले हात फादरनी आपल्या दोन्ही तळव्यांत क्षणभर धरले आणि सोडले. तो पायऱ्या उतरून पहिल्या बाकाच्या टोकाला आला, तिथल्या बाईंचे जोडलेले हात त्याने तसेच धरले. त्यांनी शेजारच्यांचे. अशी ती शांती हातोहात मागे येत होती. माझ्या शेजारी एक आजोबा होते. ते वळले आणि मी गडबडून हस्तांदोलनाला हात पुढे केला. त्यांनी तो घेतला, माझा दुसराही हात ओढून घेतला, दोन्ही जोडून दिले आणि मग आपल्या तळव्यांत धरले. लहान मुलाला नमस्कार शिकवतात तसं.

पुढे भाकर आणि द्राक्षारसावरचे ख्रिस्ताचे शब्द फादरनी सिरियाक भाषेत गाऊन म्हटले. मला अक्षर कळलं नाही. आजोबांचे ओठ मात्र हलत होते.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. कॅथलिक म्हणजे एकच मिस्सा असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात रोमशी पूर्ण ऐक्यात असलेली चोवीस चर्च आहेत, एक लॅटिन आणि तेवीस पौर्वात्य. त्यांच्या उपासनेची घराणी सहा: लॅटिन, बायझंटाईन, अलेक्झांड्रियन, अँटिओकियन, आर्मेनियन आणि खाल्डियन. सगळी वैध, कुणी दुय्यम नाही. त्यामुळे 'खरी मिस्सा कोणती' हा प्रश्न इथे नको. प्रश्न एवढाच, की तुम्हांला कुठली भावते, आणि नेमकी कुठल्या क्षणी भावली?

---

घंटानाद

पहिला मान माझा. १९६२ च्या मिस्सलची (मिस्सेच्या प्रार्थनांच्या अधिकृत पुस्तकाची) लॅटिन मिस्सा. हरकत घेणारे येतीलच, त्याआधी सांगून टाकतो.

मला ती सुरुवातीला अजिबात आवडली नव्हती. फादरची पाठ, तोंडातल्या तोंडात लॅटिन, हातात दोन रकान्यांचं पुस्तक आणि आपण कुठल्या पानावर आहोत याचा पत्ता नाही. तिसऱ्या की चौथ्या खेपेला पुस्तक मिटून ठेवलं. मग कॅनन सुरू झाला, म्हणजे मुख्य प्रार्थना, जी फादर ऐकू येणार नाही अशा आवाजात म्हणतात. आणि शेदीडशे माणसं एकदम गप्प. लहान मूल कुठेतरी कुरकुरलं, तेवढाच आवाज. मग घंटा. माझ्या आयुष्यात दुसरीकडे कुठे इतकी माणसं एकत्र येऊन इतकी शांत बसत नाहीत. मला तेच हवं होतं, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचतात, 'प्रारंभी शब्द होता' ती. 'शब्द देही झाला' येतं तिथे सगळे गुडघा टेकतात. निघायची वेळ झालेली असताना पुन्हा एकदा खाली वाकायला लावणारी ही मिस्सा आहे.

---

सोमवारची मिस्सा

मी उलट्या टोकाची. मला आठवड्यातल्या कुठल्याही दिवशीची, सकाळची, वीस-पंचवीस मिनिटांची, गाणं नसलेली साधी रोमन मिस्सा आवडते. माणसं दहा-बारा. फादर घाईत नाहीत, पण रेंगाळतही नाहीत. भाकर-द्राक्षारसावरच्या मुख्य प्रार्थनांपैकी दुसरी युखारिस्त प्रार्थना, तीच ती सगळ्यांत छोटी. माझ्या भाषेत.

घंटानाद, तुमच्याबद्दल आदर आहे, पण शांततेवर जुन्या मिस्सेची मक्तेदारी नाही. शिवाय माझ्यासाठी बायबलची वाचनं फार महत्त्वाची. जुन्या मिस्सलमध्ये रविवारची वाचनं एका वर्षात संपतात आणि दर वर्षी तीच येतात. १९६९ नंतर तीन वर्षांचं चक्र आलं आणि जुना करार रविवारी नियमाने ऐकू यायला लागला. यशया मला मिस्सेत भेटला. पुस्तक उघडून मी तो कधी वाचला नसता.

---

घंटानाद

वाचनांचं मान्य. पण एकच वाचन दर वर्षी त्याच रविवारी आलं की ते हाडांत मुरतं, हेही खरं. तीन वर्षांनी येणारं वाचन मला पाहुण्यासारखं वाटतं.

---

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चालू द्या.

---

धूपदान

मी काही वर्षं मिलानमध्ये होतो, त्यामुळे माझं मत आंब्रोझियन विधीला. हा लॅटिन घराण्यातलाच, पण रोमन नव्हे. संत आंब्रोझच्या नावाने चालतो. १५७० मध्ये पोप पायस पाचवे यांनी रोमन मिस्सल सगळीकडे लागू केलं तेव्हा दोनशे वर्षांहून जुन्या विधींना हात लावला नाही, त्यात हा वाचला.

वरवर बघणाऱ्याला फरक कळतही नाही. मग बारीकसारीक गोष्टी लक्षात येतात. धूपदानाला झाकण नसतं आणि ते पुढेमागे न हलवता गोल फिरवतात. पहिल्यांदा बघताना निखारे अंगावर येणार असं वाटतं. (आयडी तिथूनच आला.) नाताळाआधीचा आगमनकाळ चार नव्हे, सहा रविवारांचा. राखेचा बुधवार नाहीच, ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ रविवारी सुरू होतो. त्यामुळे बाकी जग उपासाला लागलेलं असतं तेव्हा मिलानमध्ये कार्निव्हल चालू असतो, तो थेट शनिवारपर्यंत. गंमत म्हणजे शेजारचं मोंझा त्याच धर्मप्रांतात असून रोमन विधी पाळतं. तिथल्यांनी राख लावून घेतली तरी थोड्या अंतरावरचे अजून मुखवटे घालून फिरताहेत!

पण मला जे लागलं ते प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारचं. त्या शुक्रवारी मिस्सा होतच नाही. चुकून राहत नाही, विधीच तसा आहे. ख्रिस्तशरीरही (पवित्र केलेली भाकर) देत नाहीत. चर्चमध्ये जायचं, प्रार्थना करायची आणि रिकाम्या हाताने परत यायचं. रोमन विधीत असा शुक्रवार एकच, गुड फ्रायडे, आणि तिथेही आधी पवित्र केलेलं ख्रिस्तशरीर मिळतंच. पहिल्या वर्षी मला हा अन्याय वाटला. दुसऱ्या वर्षी शनिवारी सकाळी मी सगळ्यांत आधी चर्चच्या दारात होतो.

शांतीबद्दल धागाकर्त्याने लिहिलं म्हणून आठवलं. आंब्रोझियन विधीत शांतीचं अभिवादन अर्पणाच्या आधी असतं. वेदीवर दान आणताना भावाशी वैर आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर, हे मत्तयमधलं वचन शब्दशः पाळल्यासारखं. दिवसभर बायकोशी अबोला धरून गेलेल्या माणसाला तो क्रम चांगलाच अडचणीत आणतो, हे अनुभवाचे बोल.

---

कलम शोधणारा

छान धागा. दोन-तीन गैरसमज वाटेतच दूर केलेले बरे.

एक, 'फादरची पाठ' आणि 'लॅटिन' यांचा संबंध फक्त जुन्या मिस्सलशी नाही. पोप पॉल सहावे यांचं १९६९ चं मिस्सल मुळात लॅटिनमध्येच आहे आणि आजही लॅटिनमध्ये म्हणता येतं. त्यातल्या सूचनांमध्ये काही ठिकाणी 'लोकांकडे वळून' असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे फादर वेदीकडे तोंड करून उभे असतील हे त्यात गृहीत आहे.

दोन, जुनी मिस्सा मागणारे सगळे कट्टर धार्मिक असतात हेही खरं नाही. १९७१ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी तिला मर्यादित परवानगी मिळाली, ती लेखक-कलावंतांच्या निवेदनामुळे. सह्या करणाऱ्यांत ॲगाथा ख्रिस्ती होत्या, आणि त्या कॅथलिक नव्हत्या. पुढे २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी दार बरंच उघडलं, २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ते पुन्हा ओढून घेतलं. त्यावर इथे भांडू नका, प्लीज.

तीन, आणि धाग्याच्या विषयाला हेच सगळ्यांत जवळचं: आवड आणि नोंद या वेगळ्या गोष्टी आहेत. लॅटिन माणूस रविवारचं कर्तव्य कुठल्याही कॅथलिक विधीच्या मिस्सेत पार पाडू शकतो, चर्चच्या कायद्याचं कलम १२४८. पण तुम्ही वीस वर्षं दर रविवारी बायझंटाईन चर्चमध्ये गेलात म्हणून बायझंटाईन होत नाही. कलम ११२ सांगतं की दुसऱ्या विधीत साक्रामेंत (बाप्तिस्मा, ख्रिस्तशरीर असे पवित्र संस्कार) घेण्याची सवय कितीही जुनी असो, तिने चर्च बदलत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांपैकी एक लॅटिन नसेल आणि दोघांनी मिळून लॅटिन चर्च निवडलं नसेल, तर मूल वडिलांच्या चर्चचं. चौदा पूर्ण झाल्यावर बाप्तिस्मा घेणाऱ्याला मात्र स्वतःला निवडता येतं.

---

थॉमसची लेक

कलमवाल्या दादांनी माझीच गोष्ट सांगितली. वडील केरळच्या सिरो-मलबार चर्चचे, आई लॅटिन. मी वडिलांच्या चर्चची.

तुमच्या आवडीनिवडी वाचून मजा वाटली, पण एक सांगू? तुम्ही सगळे हौसेने बोलताय. आज मारोनाइट, उद्या मिलान. आमच्याकडे विधी हा आवडीचा प्रश्न कधी नव्हताच. आम्ही स्वतःला संत थॉमसच्या काळापासूनचे मानतो. उपासना सिरियाकमधून होती. पोर्तुगीज आले आणि १५९९ च्या उदयंपेरूरच्या सिनडमध्ये (चर्चच्या सभेत) आमच्या विधीवर लॅटिनची कलमं चढली. पुढची साडेतीनशे वर्षं आमची कुर्बाना, म्हणजे मिस्सा, धड सिरियन नाही, धड लॅटिन नाही अशी. १९६२ मध्ये ती मल्याळममध्ये आली तेव्हा कुठे माझ्या आजीला ती काय म्हणत होती हे कळलं. आयुष्यभर पाठ असलेल्या प्रार्थनेचा अर्थ म्हातारपणी कळणं कसं असेल, विचार करा.

आणि मग पाठीचा प्रश्न. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहणार की वेदीकडे? काही धर्मप्रांतांत पूर्ण लोकांकडे, काहींत वेदीकडे. २०२१ मध्ये आमच्या सिनडने मधला मार्ग काढला: शब्दविधी (वाचनांचा भाग) लोकांकडे तोंड करून, अनाफोरा (मुख्य प्रार्थना) वेदीकडे, ख्रिस्तशरीर दिल्यावर पुन्हा लोकांकडे. फिफ्टी-फिफ्टी म्हणतात त्याला. एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांतात त्यावरून इतकं पेटलं की २०२२ च्या अखेरीस तिथली बॅसिलिका बंद करावी लागली. आमच्या घरी दोन काका दोन बाजूंना आहेत. नाताळच्या जेवणाला एकाच टेबलावर बसतात, पण बोलतात फक्त क्रिकेटवर.

त्यामुळे 'कुठली भावते' विचारलंत तर मी गप्प बसते. मला आईची रोमन मिस्साही आवडते. पण 'हे स्वर्गातील पित्या' म्हणताना आमच्यात मध्येच 'पवित्र, पवित्र, पवित्र' येतं, ते नसलं की माझी जीभ ठेचकाळते. रोमन मिस्सेत आजही ठेचकाळते. याला आवड म्हणायचं का?

---

तिसरा बाक

ताई, 'हौसेने' हा शब्द टोचला, आणि टोचायलाच हवा होता. एका रविवारच्या अनुभवावर मी धागा काढलाय, हे खरंच. त्या आजोबांना ती शांती भावते का असं मी विचारलं असतं तर त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं असतं, याचा विचार करतोय.

---

उभी रेघ

तरी मी हौशी बाजूने बोलणार. हौस म्हणजे काही गुन्हा नाही. मी युक्रेनियन ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये चार वर्षं जातेय. १५९६ च्या ब्रेस्ट ऐक्यापासून रोमशी जोडलेलं चर्च. नोंदीने मी लॅटिनच, कलम ११२ आता कळलं.

लोक बायझंटाईन म्हटलं की प्रतिमांची सोनेरी भिंत आणि दीड तासाचं गाणं सांगतात. ते सगळं आहेच, आणि उभं राहून पाय दुखतात हेही आहे. पण मला ओढलं ते भिंतीमागच्या एका कामाने, जे लोकांना दिसतच नाही. एकदा लवकर पोचले आणि बाजूचं दार अर्धं उघडं होतं. फादर एका छोट्या टेबलापाशी उभे होते. समोर फुगलेली, आंबवलेल्या कणकेची गोल भाकर, वर ठसा. हातात भाल्याच्या पात्यासारखी छोटी सुरी. तिने त्यांनी मधला चौकोनी तुकडा कापून काढला, त्याला 'कोकरू' म्हणतात. मग एका बाजूला मरियेसाठी एक तुकडा. दुसऱ्या बाजूला संतांसाठी नऊ, तिनाच्या तीन ओळी. आणि मग खाली, एक एक नाव पुटपुटत, जिवंत माणसांसाठी आणि मेलेल्यांसाठी अगदी कणभर कण. तबकावर अख्खं चर्च मांडलं जात होतं, आणि मिस्सा अजून सुरूही झाली नव्हती.

त्यानंतर मी दर रविवारी दाराशी नावांची चिठ्ठी देते. आई गेल्यापासून तिचं नाव दुसऱ्या यादीत आहे.

आणि मुलं! बाप्तिस्म्याच्या वेळीच तान्ह्या बाळाला दृढीकरण आणि ख्रिस्तशरीरही. मध्ये लॅटिन प्रभावाने ही पद्धत मागे पडली होती, आता परत रुजली. बिनदातांच्या बाळाला चमच्याने थेंब देताना बघितलं की 'समज आल्यावर' हा आपला हट्ट जरा हास्यास्पद वाटतो.

---

सोमवारची मिस्सा

हास्यास्पद का? मला पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेण्याची, तयारी आठवते, तो दिवस आठवतो. बाळाला काय आठवणार?

---

उभी रेघ

बाळाला आईचं दूधही आठवत नाही :)

(हास्यास्पद शब्द मागे घेते. जोरात लिहिला गेला.)

---

वाचनमात्र

पॉपकॉर्न संपले, म्हणून लिहितो. स्पेनमधल्या तोलेदोच्या कॅथेड्रलमध्ये एक चॅपल आहे, कार्डिनल सिस्नेरोस यांनी मोझारेबिक विधीसाठी राखून दिलेलं. मूरांच्या, म्हणजे मुस्लिमांच्या, राज्यात राहिलेल्या ख्रिस्ती लोकांचा हा विधी. नामशेष व्हायच्या बेतात होता, सिस्नेरोस यांनी १५०० मध्ये त्याचं मिस्सल छापून घेतलं.

तिथे भाकर मोडतात ती नऊ तुकड्यांत. सात तुकडे क्रुसाच्या आकारात मांडतात, दोन बाजूला. प्रत्येकाला नाव: देहधारण, जन्म, सुंता, प्रकटीकरण, दुःखसहन, मरण, पुनरुत्थान, गौरव, राज्य. मी सुट्टीत गेलेला पर्यटक, मागे उभा होतो. फादर तुकडे मांडताहेत, हात जरासा थरथरतोय, आणि माझ्या डोक्यात आपलं चालू: हा मरण, हा पुनरुत्थान. रोमन मिस्सेत भाकर मोडताना मी बहुतेक वेळा रांगेत कुठून घुसायचं याचा अंदाज घेत असतो. आता तेव्हा तरी बघतो.

थॉमसची लेक यांच्या मापाने मीही हौशी. कबूल.

---

धूपदान

झाईरचा (आताच्या काँगोचा) विधी कुणी बघितलाय का? १९८८ मध्ये मान्यता मिळालेला, तांत्रिकदृष्ट्या रोमन मिस्साच, पण काँगोच्या अंगाने. सुरुवातीला संतांबरोबर पूर्वजांनाही हाक मारतात, वेदीभोवती नाचतात, आणि पश्चात्तापाचा भाग सुरुवातीला न ठेवता प्रवचनानंतर येतो. देवाचं आधी ऐका, मग चूक कळेल, असा क्रम. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये संत पेत्राच्या बॅसिलिकेत ती मिस्सा केली होती. मी फक्त चित्रफीत बघितली, त्यामुळे 'भावली' म्हणायचा हक्क नाही. पण तो क्रम पटला.

---

घंटानाद

नाच मला झेपणार नाही. (माझा दोष, विधीचा नव्हे.)

पण पश्चात्तापाच्या क्रमावरून आठवलं. आमच्या मिस्सेत आधी फादर एकटे वाकून पापकबुली म्हणतात, मग लोकांच्या वतीने वेदीसेवक म्हणतो. मी लहानपणी ती लॅटिनमध्ये पाठ केली नव्हती, पन्नाशीत केली. अजून मधल्या एका ओळीवर अडखळतो. थॉमसच्या लेकीला रोमन मिस्सेत होतं तसंच, फक्त उलट दिशेने.

---

कलम शोधणारा

खाल्डियन घराण्याची एक गोष्ट राहिली, ती सांगून मी थांबतो. थॉमसची लेक यांच्याकडे वापरतात ती 'अद्दाई आणि मारी' यांची अनाफोरा फार प्राचीन. तिच्या जुन्या रूपात 'हे माझे शरीर आहे' हे ख्रिस्ताचे शब्द सलग असे कुठेच येत नाहीत. कॅथलिक चर्चमध्ये ते नंतर घातले गेले. पण असिरियन चर्च ऑफ द ईस्ट ती शब्दांविना वापरतं, आणि २००१ मध्ये रोमने तीही वैध आहे असं मान्य केलं. लॅटिन शिकवणीत वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. मला दोन वर्षं लागली.

---

थॉमसची लेक

धन्यवाद दादा. काकांना पाठवते, एकाला तरी.

तिसरा बाक, तुमच्यासाठी. तुम्ही मारोनाइट शांतीबद्दल लिहिलंत, तशीच ती आमच्या कुर्बानातही वेदीवरूनच येते. सेवक फादरच्या हातून घेतो आणि बाकांपर्यंत आणतो. पुढच्या वेळी कुठल्याही सिरियन चर्चमध्ये गेलात तर हात पुढे करू नका. जोडून ठेवा आणि थांबा. शेजारचा माणूस धरेल.

---

तिसरा बाक

लिहून ठेवलं. जाताना एकटा जाणार नाही, मुलीला नेतो. तिला आधी घरी शिकवतो.